लिनक्स सर्व्हरच्या नेटवर्कसाठी यांना बोलवा, काम एकदम खात्रीचं

कोल्हापूरच्या उद्यमनगरात आमचं मशीन शॉप आहे, ऑफिसात एक डेबियनचा (लिनक्सचाच एक प्रकार) सर्व्हर, त्यावर ईआरपी (धंद्याचा हिशोब-स्टॉक सांभाळायचं सॉफ्टवेअर) आणि सगळ्या जॉबच्या ड्रॉइंगच्या फायली. बरेच दिवस त्रास चालू होता, दुपारी शॉप फुल लोडवर आलं की नेटवर्क अडकायचं, ड्रॉइंग उघडायला मिनिटं जायची, मधेच कनेक्शन तुटायचं आणि आपोआप परत यायचं. आधी ज्यांच्याकडं एएमसी (वर्षाचं देखभालीचं कंत्राट) होती त्यांचा एकच धोशा, लिनक्स काढा विंडोज टाका, वर एक नवीन लॅन कार्ड बसवून गेले आणि त्यानंतर तर सर्व्हर नेटवर्कवर दिसायचाच बंद झाला. मग ओळखीतनं या नेटवर्कवाल्यांचा नंबर मिळाला.

मला सगळ्यात आवडलं ते काम करायची पद्धत. फॉरमॅट, रिइन्स्टॉल असलं काही नाही. "आधी लिंक बघू साहेब, सॉफ्टवेअरचं नंतर," म्हणाले आणि टॉर्च घेऊन पोर्टाचे दिवे बघत बसले. सर्व्हर गायब का झाला ते लगेच सापडलं, लिनक्समधी लॅन पोर्टाचं नाव पीसीआयच्या (मदरबोर्डवर कार्ड जोडायची लाइन) नंबरावरनं पडतं, नवीन कार्ड घातल्यावर नंबर सरकले आणि ईएनपी२एस० चं ईएनपी३एस० झालं, कॉन्फिग (सेटिंगच्या) फाईलीत मात्र जुनंच नाव, म्हणून आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) लागत नव्हता. ते कार्ड काढलं, सर्व्हर आला.

पण मूळ दुखणं तसंच होतं. इथटूल ही लॅन कार्डाची माहिती दाखवणारी कमांड मारून मला स्क्रीनवर दाखवलं, कार्ड गिगाबिट (म्हणजे १००० एमबीपीएसचं), स्विच गिगाबिट आणि स्पीड १०० वर. डीमेसेजमधी (लिनक्सच्या सिस्टिम मेसेजच्या यादीत) लिंक डाऊन, लिंक अपच्या ओळीच ओळी. मग सर्व्हरला छोटा पॅच कॉर्ड लावून थेट त्यांचा लॅपटॉप जोडला, लगेच १०००. म्हणजे कार्ड चांगलं, ड्रायव्हर चांगला, दोष मधल्या केबलीत. टेस्टर लावला तर सात-आठ नंबरची तपकिरी जोडी ओपन, म्हणजे तुटलेली. १०० ला केशरी आणि हिरवी अशा दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात, त्यामुळं कार्ड १००० चा प्रयत्न करतंय आणि जमलं नाही की खाली येतंय, असं नीट समजावून सांगितलं.

आणि मग ब्लेडनं एक तार खरवडून माझ्या हातात दिली. वरनं तांब्याचा रंग, आत पांढरं ॲल्युमिनियम! केबलीवर कॅट सिक्स (गिगाबिटला चालणाऱ्या चांगल्या केबलीचा दर्जा) छापलेलं आणि आम्ही पैसे पण तेच मोजलेले. असली तार वाकवली की पटकन तुटते आणि स्टँडर्डमधी ती बसतच नाही. वर ही केबल मोटरच्या पॉवर केबलीबरोबर एकाच ट्रेमधनं ओढलेली, त्यामुळं मशिनी चालू झाल्या की सीआरसी एररचा (वाटेत खराब झालेल्या डेटाचा) आकडा आमच्या डोळ्यादेखत वाढत होता. दुपारीच का अडकायचं ते तिथं कळलं. हे सगळं आधीच्या लोकांना दिसलं नसतं असं मला वाटत नाही, बघायची तयारीच नव्हती.

यांनी प्युअर कॉपरची नवीन केबल वेगळ्या पाइपातनं ओढली, पॉवर लाइन जिथं ओलांडायची तिथं काटकोनात ओलांडली, दोन्ही टोकं बी कलर कोडनं (तारांच्या रंगांचा ठरलेला क्रम) पंच केली. नंतर आयपर्फ हे स्पीड मोजायचं सॉफ्टवेअर लावून ९४० एमबीपीएसच्या आसपास स्पीड दाखवला आणि मशिनी चालू ठेवूनच, हे महत्त्वाचं. सीआरसीचा आकडा जागचा हलला नाही. तेव्हापासून शॉपमधल्या पोरांची एकपण तक्रार नाही, लई भारी काम.

तीन गोष्टी सुधारा. सकाळी फोन लागतच नाही, संध्याकाळीच करायला लागतो, आणि केबलींना लेबल मी मागितल्यावर लावली, ती न सांगता लावायला पाहिजेत. बिलात केबल किती मीटर आणि कुठल्या कंपनीची ते पण लिहा. रेट म्हणाल तर व्हिजिट चार्ज इतरांपेक्षा थोडा जास्त आहे, पण आम्हाला नवीन सर्व्हरचं कोटेशन मिळालं होतं त्यापुढं हा खर्च काहीच नाही. शिरोली, गोकुळ शिरगावला पण येतात, मी विचारून घेतलंय. नवीन शेडचं वायरिंग चालू असेल तर ट्रे बंद करायच्या आधीच बोलवून घ्या.