हँडलबारच्या पोटातून वायरिंग: आठ महिने आणि एक पावसाळा

फेब्रुवारीत माझ्या २०१४च्या रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५०चं हँडल बदललं, तेव्हाच स्विचच्या सगळ्या वायरी बारच्या आतून घातल्या. आता ऑक्टोबर संपत आलाय. मधे गाडी साडेसहा हजार किलोमीटर फिरली, आणि त्यातलं बरंचसं फिरणं गगनबावड्याच्या वाटेवर भर पावसात. काम झालं त्या दिवशी मी फक्त फोटो काढत बसलो होतो. तेव्हा काही लिहिलं असतं तर ते सगळं कौतुकच झालं असतं.

बार कोल्हापुरात उद्यमनगरात वाकवून घेतला. बाहेरचा व्यास २२ मिमी, पत्रा अडीच मिमीचा, म्हणजे आत जागा उरते १७ मिमी. सुट्या नऊ-दहा वायरी त्यातून आरामात जातात. अडतो तो प्लग. म्हणून कनेक्टरमधून पिना एकेक करून बाहेर काढायच्या आणि वायरी ओढून झाल्या की परत त्याच घरात बसवायच्या. आधी मोबाइलवर रंगांचा फोटो काढून ठेवा. आपल्याला लक्षात राहील असं वाटतं, पण राहत नाही.

भोकं तीन: दोन्ही स्विचखाली एकेक आणि बाहेर पडायला एक मधे. मधलं भोक बार गाडीला पकडून ठेवणाऱ्या दोन क्लॅम्पच्या मधोमध, खालच्या अंगाला घेतलं. क्लॅम्पच्या बाहेरच्या कडेला बारवर सगळ्यात जास्त ताण येतो, तिथे ड्रिल लावायचंच नाही. अ‍ॅल्युमिनियमचा बार असेल तर मी या भानगडीत पडणारच नाही, तिथे भोकापासून चीर जायला वेळ लागत नाही. उजव्या बाजूचं भोक अ‍ॅक्सिलरेटरच्या नळीखाली येता कामा नये. आणि स्विचच्या आत एक बारीक खुंटी असते, तिच्यासाठी वेगळं छोटं भोक लागतं, नाहीतर स्विच बारवर गोल फिरत राहतो. हे आम्हाला क्रोम होऊन आल्यावर आठवलं. मग चकचकीत बारवर मास्किंग टेप लावून, जीव मुठीत धरून ड्रिल मारलं.

वायर ओढायची युक्ती मात्र लई भारी निघाली. एका टोकाला व्हॅक्यूम क्लीनर लावला, दुसऱ्या टोकाने शिवणकामाचा दोरा सोडला. सुर्र्कन पलीकडे! त्या दोऱ्याने जाड नायलॉनची दोरी ओढली आणि दोरीने वायरी. वायरींना टाल्कम पावडर चोळली होती, त्यामुळे वाकणावर अडकल्या नाहीत. घरच्यांनी व्हॅक्यूम क्लीनरबद्दल जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही.

आता माझी चूक. मधलं भोक १० मिमीचं गोल होतं. वायरी जरा घट्ट वाटल्या म्हणून मी ते कानशीने लांबट केलं. लांबट भोकात गोल ग्रॉमेट (वायर धारेला घासू नये म्हणून लावायची रबरी कडी) नीट बसत नाही, हे तेव्हा सुचलं नाही. जूनमध्ये पहिल्या मोठ्या पावसात कळे गावाच्या पुढे एका वळणावर हॉर्न आपोआप वाजला. हँडल डावीकडे वळवलं की वाजायचा, सरळ केलं की बंद. पुढच्या एसटीवाल्याने आरशातून असं काही बघितलं की बस. टपरीवर थांबून हेडलाइटचं डूम उघडलं. ग्रॉमेट सरकून बाहेर लोंबत होतं आणि भोकाच्या धारेने एका वायरचं प्लास्टिक तासून तांबं उघडं पडलं होतं. नशीब एवढंच की ती हॉर्नच्या रिलेची, म्हणजे हॉर्न चालू करणाऱ्या विजेच्या स्विचची, वायर होती. तो रिले अर्थिंग (गाडीच्या लोखंडातून निगेटिव्ह) मिळाल्यावर चालतो, त्यामुळे बारला टेकताच हॉर्न वाजला. तीच वायर हेडलाइटच्या पॉझिटिव्हची असती तर फ्यूज उडून घाटात अंधार झाला असता.

घरी येऊन बार पुन्हा उतरवला. धार गोल कानशीने मारली, मग पॉलिश पेपर, मग उघड्या लोखंडावर रंग. वायरींवर हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळून बसणारी नळी) चढवलं आणि बाहेर पडतात तिथे पेट्रोल पाइपचा उभा चिरलेला तुकडा घातला. हँडल पार डावीकडे, पार उजवीकडे नेऊन वायर कुठे ताणते ते पाहिलं आणि दोन बोटं ढील जास्त ठेवली. तेव्हापासून हॉर्न मी दाबल्यावरच वाजतो.

पाण्याचा त्रास वाटला होता त्यापेक्षा कमी झाला. स्विचच्या फटीतून पाणी आत जातं, पण माझ्या बारचा मध्यच सगळ्यात खाली असल्यामुळे ते मधल्या भोकातून गळून जातं. मात्र ते वायरीवरूनच खाली येतं. म्हणून डूममध्ये शिरण्याआधी वायरींना खाली झोळ दिलाय, पाणी तिथूनच टपकतं. कनेक्टर अजून कोरडे आहेत.

दिसतं कसं? समोरून छान. पण क्लच केबल आणि पुढच्या ब्रेकचा पाइप आहेत तिथेच आहेत, ते या बारात जाणार नाहीत. त्यामुळे फोटोतल्या परदेशी गाड्यांसारखं नागडं हँडल मिळेल या आशेवर असाल तर निम्मंच पदरात पडेल. शिवाय दुरुस्ती महागात पडते. ऑगस्टमध्ये डिपरचा स्विच गेला. एरवी अर्ध्या तासाचं काम, पण त्यात अख्खा रविवार गेला. नेहमीच्या मेकॅनिकने तर बार बघूनच हात जोडले.

रोज ऑफिसला जायला एकच गाडी असेल तर करू नका. माझ्याकडे दुसरी स्कूटर आहे, म्हणून मी हे पुन्हाही करेन. त्या रविवारी नवीन स्विचच्या वायरी ओढताना सोबत नायलॉनचा एक जादा दोरा आत घातला आणि दोन्ही टोकांना गाठ मारून तसाच ठेवलाय. पुढच्या वेळी व्हॅक्यूम क्लीनर मागायला नको.