बिडाचा तवा आणि रविवारचा फ्रेंच टोस्ट

नागपूरच्या इतवारी बाजारातून आणलेला दहा इंची बिडाचा तवा आठ महिने रोज वापरतोय. घेतला डोशासाठी, पण मला तो खरा पटला रविवारच्या फ्रेंच टोस्टला.

आमच्याकडे अंड्यातला ब्रेड म्हणजे कांदा-मिरची घातलेला. मुलीला मात्र गोडच लागतो. आधी मी पातळ नॉनस्टिकवर करायचो. दुधाअंड्यात भिजलेले गार स्लाइस टाकले की त्या तव्याची धगच जायची आणि ब्रेड भाजण्याऐवजी वाफायचा. आच वाढवली तर बाहेरून काळा, आत अंडं कच्चं.

बीड तापायला वेळ घेतं, पण एकदा तापलं की धग धरून ठेवतं. मंद आचेवर सात-आठ मिनिटं तापू द्यायचं. मोठ्या गॅसवर घाई केली की मधे करपतं आणि कडा गारच राहतात. लोणी फसफसून शांत झालं की ब्रेड टाकायचा. अडीच-तीन मिनिटांनी उलथनं कडेखाली सारलं की स्लाइस अख्खा सुटून येतो, सगळीकडे एकसारखा बदामी, कडेला अंड्याची पातळ कुरकुरीत जाळी. ती जाळी मुलगी आधी तोडून खाते.

ब्रेड न कापलेला घ्यावा, तोही कालचा. बेकरीवाले दर शनिवारी विचारतात, "ताजा आहे ना जी, कालचा काऊन मागता?" फ्रेंच लोक या पदार्थाला 'पँ पेर्द्यू' म्हणतात, म्हणजे वाया गेलेला पाव. वाळलेला पाव दूध पिऊनही उभा राहतो, ताज्याचा लगदा होतो. बोटभर जाडीच्या चार स्लाइसना तीन अंडी, पाऊण कप दूध, चमचाभर साखर, चिमूटभर मीठ. साखर याहून वाढवली की तव्याला धरते.

आंबिया बहाराची, म्हणजे पावसाळा संपल्यावर येणारी संत्री आली की मी त्यात साल किसून घालतो. आपल्या संत्र्याची साल सैल असते, म्हणून सोलायच्या आधीच, फळ हलकं धरून किसावं आणि फक्त वरचा केशरी भाग घ्यावा. पांढरा भाग कडू लागतो. असा वास दालचिनीने येत नाही, हे माझं ठाम मत.

आता तव्याच्या तक्रारी. वजन भारी आहे, आईला एका हाताने उचलवत नाही. दांडाही बिडाचाच, त्यामुळे फडक्याशिवाय हात लावायचा नाही. जुलैत एका रात्री ओला राहिला तर सकाळी तांबूस गंज चढला होता. मीठ-तेलाने घासून काढला, मग घाण्याचं जवसाचं तेल चोळून धूर येईपर्यंत तापवला. पहिल्यांदा तेल जास्त झालं आणि तवा चिकट झाला. दुसऱ्यांदा तेल लावून कोरड्या फडक्याने जवळजवळ पुसूनच टाकलं, तेव्हा काळी गुळगुळीत चकाकी आली. दुकानदाराने सांगितलं होतं, "आंबट काही शिजवू नका जी त्याच्यात, लेप निघून जाते." ते तंतोतंत पाळतोय.

साडेआठशे रुपये दिले, पुरेपूर वसूल झाले. मनगट दुखत असेल तर आठ इंची घ्या. टोस्ट एका वेळी एकच मावेल, पण उचलता येईल. आईसाठी पुढच्या आठवड्यात तोच आणायला जाणार आहे.