अतिवृष्टीच्या रात्री डेटा सेंटरमध्ये थांबावे की घर गाठावे?

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा घराकडे निघालेले असंख्य मुंबईकर तुंबलेल्या पाण्यात अडकले आणि काहींचा तर बंद मोटारींतच गुदमरून मृत्यू झाला. म्हणूनच नवी मुंबईतील डेटा सेंटरमध्ये, म्हणजे माहिती साठवणारे संगणक अखंड चालतात त्या इमारतीत, पाळीवर असलेल्याने रस्ते पाण्याखाली गेल्यावर आतच थांबावे, असे माझे ठाम मत आहे. भक्कम छप्पर आणि जनरेटरची वीज रस्त्यावर मिळत नाही. मात्र पथारी सर्व्हर हॉलमध्ये, म्हणजे त्या संगणकांच्या दालनात, पसरू नये, कारण तिथे गार वाऱ्याचा झोत आणि पंख्यांची अखंड घरघर असते, शिवाय आग विझवणारा वायू सुटल्यास तत्काळ बाहेर पडावे लागते. वरच्या मजल्यावरील बैठकीची खोली बरी. घरी आजारी माणूस एकटा असेल, तर मात्र पाणी चढण्यापूर्वी, दुपारीच निघणे योग्य.