म्हाताऱ्या विदूषकांचे दोन पिक्चर, घरच्या म्हाताऱ्यांना कुठला लावाल?

फाटलेली जोडी म्हातारपणी परत एकत्र येते, यावरचे दोन पिक्चर या पावसाळ्यात वेंगुर्ल्याला घरी लावून बघितले, 'द सनशाईन बॉइज' (१९७५) आणि 'स्टॅन अँड ऑली' (२०१८). प्रेक्षक बाबा आणि संकासुरकाका. बाबा दशावतारात भटजी करायचे आणि काका संकासुर, मग नाइटच्या, म्हणजे रात्रीच्या प्रयोगाच्या पैशांवरून जे बिनसलं ते सात-आठ वर्षं एकमेकांच्या खळ्यात, म्हणजे अंगणात पाऊल नाही, आता कुठे येणंजाणं सुरू झालंय.

सनशाईन बॉइज खरं तर जास्त तिखट. विनोदी नटांची ४३ वर्षांची जोडी, ११ वर्षांचा अबोला, आणि तक्रारी काय तर म्हणे हा बोलताना थुंकी उडवतो आणि छातीत बोट खुपसतो! यातल्या एका म्हाताऱ्याचं काम करणाऱ्या जॉर्ज बर्न्सला ८० व्या वर्षी ऑस्कर मिळालं ते उगाच नाही. पण सगळा खेळ तोंडाचा हो. खाली इंग्रजी सबटायटल धावतायत, बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, दर मिनिटाला "काय म्हणालो तो?" आणि मी पॉज करून सांगेपर्यंत त्या विनोदाचं पार पिठलं झालेलं. त्यातला एक म्हातारा म्हणतो शब्दात 'क' असला की हसू येतं, आता हे मराठीत कसं सांगायचं, तरी सांगितलं, तर काका गंभीरपणे म्हणाले, "मगे कोकमाक कोण हसता?" पाऊण तासात दोघेही घोरत होते.

स्टॅन अँड ऑलीत लॉरेल-हार्डीची १९५३ ची ब्रिटनची टूर आहे. कुरबूर इथेही आहे, हार्डीने लॉरेलला सोडून हत्तीवाला पिक्चर केला तो जुना राग, पण भांडण जरा गुळचटच वाटलं मला. तरी स्टेशनच्या जिन्यावर दोघं जड ट्रंक ओढत वर नेतात आणि ती घसरत सुटते खाली, तिथे मला एक शब्द सांगावा लागला नाही. रात्री राजा आणि सकाळी डोक्यावर बोजा, असं आमच्याकडे दशावतारींबद्दल म्हणतात, बाबा-काकांनीही पेटारे वाहिलेत गावोगाव. काका हसता हसता खोकायला लागले, बाबांनी न बघताच तांब्या सरकवला त्यांच्याकडे.

तुमच्याकडचे म्हातारे भराभर इंग्रजी समजणारे असतील तर सनशाईन बॉइज लावा, माझं काही म्हणणं नाही, माझा अनुभव दोन माणसांपुरता. काका मात्र परवा छत्री झटकत आले ते दारातूनच, "तो ट्रंकेचो पिक्चर आसा मा अजून?"