शंभर फुटी रस्त्यावरच्या कर सल्लागार मॅडम: परदेशात खातं असेल तर इथे जा

नोव्हेंबर २०२४ मध्ये आयकर खात्याचा एसएमएस आला: तुमच्या परदेशी खात्याची माहिती मिळाली आहे, विवरणपत्र तपासा. माझे हातपायच गळाले. मी मिरजेची नर्स. इंग्लंडमध्ये नऊ वर्षं नोकरी करून २०१९ ला परत आले. तिथल्या खात्यात अकरा लाखांच्या आसपास शिल्लक आहे, सगळी पगारातली. आधीचे सल्लागार म्हणाले, "तिकडची बँक इकडे कशाला कळवेल? सोडून द्या."

मैत्रिणीने सांगलीला या मॅडमकडे धाडलं. त्यांचा पहिला प्रश्न: "पत्ता बदलल्याचं बँकेला कळवलं होतंत?" कळवलं होतं, पॅन नंबरसकट. मग त्यांनी कागदावर काढून दाखवलं. बँक शिल्लक आणि व्याज तिथल्या कर खात्याला कळवते, ते कर खातं भारताला. २०१७ पासून आपल्याला अशी माहिती दरवर्षी येते.

चूक आमचीच होती. परदेशात खातं असताना आयटीआर-१ हा विवरणपत्राचा साधा फॉर्म चालतच नाही, आणि आम्ही तोच भरला होता. मॅडमनी आयटीआर-२ भरून सुधारित विवरणपत्र दिलं, ३१ डिसेंबरच्या आत. खात्याच्या तपशिलाला जानेवारी ते डिसेंबरचं स्टेटमेंट लागतं, व्याजाला एप्रिल ते मार्चचं. हे मला कुणीच सांगितलं नव्हतं.

सगळ्यात भावला तो प्रामाणिकपणा. परदेशी मालमत्ता न दाखवल्याबद्दलच्या दहा लाखांच्या दंडाची भीती घालून त्यांना जास्त फी घेता आली असती. उलट त्यांनीच सांगितलं, १ ऑक्टोबर २०२४ पासून घर-जमीन सोडून वीस लाखांपर्यंतच्या परदेशी मालमत्तेला तो दंड लागत नाही. फी ३,५०० रुपये, पावतीसह.

आयकर खात्याच्या त्या एसएमएस मोहिमेत ३०,१६१ जणांनी २९,२०८ कोटींची परदेशी मालमत्ता दाखवली, हेही त्यांच्याकडूनच कळलं. आफ्रिकेतल्या कितीतरी गरीब देशांना मात्र ही माहिती मिळतच नाही. ती मिळवायला त्या देशाला स्वतःच्या बँकांची माहिती गोळा करून गुप्त ठेवायची यंत्रणा आधी उभारावी लागते. मला वॉर्डातल्या झिंबाब्वेच्या सहकारी आठवल्या. गावाकडच्या दवाखान्यात हातमोजेसुद्धा पुरत नाहीत म्हणायच्या. तिथल्या बड्यांचा पैसा बाहेर सुरक्षित आणि सरकारी तिजोरी रिकामी, याचा मला मनापासून राग येतो.

ऑफिस दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. डिसेंबरात मला अडीच तास बसावं लागलं, तेव्हा जुलैच्या आधीच जा. दोन्ही स्टेटमेंट छापून न्या, मॅडम मोबाइलवरचे कागद बघत नाहीत.