बेस गिटारचा काळा रंग काढून नॅचरल फिनिश : एक उन्हाळा-पावसाळा वाजवल्यानंतर

दिवाळीनंतर माझ्या चार तारी बेसचा काळा रंग उतरवून तेलाचं नॅचरल फिनिश करून घेतलं. त्यानंतर गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) दिवसांतले कार्यक्रम झाले, लग्नसराई झाली, सोलापूरचा उन्हाळा गेला, आता पावसाळाही सरत आलाय. काम मनासारखं झालंय. पुन्हा करायची वेळ आली तरी तेलच लावून घेईन.

आधी लाकूड कोणतं ते बघा. गडद रंगाखाली कंपन्या बऱ्याचदा तीन-चार तुकडे जोडलेली बॉडी देतात. बासवूड असेल तर फिकट, सपाट लाकूड निघतं, रेषा फारशा दिसत नाहीत. माझी बॉडी अ‍ॅशची. नेक (तारांखालचा लांब दांडा) काढल्यावर तो बसतो त्या खाचेत रंग नव्हता आणि ठळक रेषा दिसल्या, तेव्हाच काम करायचं ठरवलं.

फर्निचरवाल्यांनी मेलामाइन नाहीतर पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश सुचवलं. चपडा लाखेचाही विचार केला होता. मिरजेच्या सतारींवर ते पॉलिश काय देखणं दिसतं! (त्या सतारींचे भोपळे आपल्या पंढरपूर भागातले.) पण लाखेवर पाणी साचलं की पांढरे डाग पडतात आणि स्पिरिट, अत्तर लागलं की ती विरघळते. लग्नाच्या स्टेजवर घाम आणि अत्तर दोन्ही आलेच. म्हणून डबल बॉइल्ड जवसाचं तेल.

काम एका जुन्या पॉलिशवाल्या मामांनी केलं. फॅक्टरीचा रंग पॉलिएस्टरचा, रिमूव्हरला दाद देत नाही. हीट गनने फुगवून पात्याने काढला. शिंगांच्या (बॉडीच्या वरच्या दोन टोकांच्या) आतल्या वळणात सगळ्यात जास्त वेळ गेला, तिथे मामांनी मशीन लावलंच नाही. मग १२०, १८०, २२०, ३२० नंबरचा सँडपेपर, तोही रेषेच्या दिशेनेच. शेवटी ओलं फडकं फिरवून उभे राहिलेले लाकडाचे तंतू परत घासले. तेलाचे पहिले हात टर्पेंटाइन घालून पातळ केलेले. प्रत्येक हातानंतर वरचं तेल पुसून घ्यायचं आणि सुकू द्यायचं. मी घाई केली की मामा म्हणायचे, "मालक, लाकडाला पिऊ द्या की." पुसायला जुनं धोतर वापरलं. आपल्याकडे टॉवेलच्या चिंध्या ढिगाने मिळतात, पण त्यांचे धागे तेलात चिकटून बसतात.

जवसाच्या तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तेल सुकताना उष्णता सोडतं आणि बोळा आपोआप पेटू शकतो. पाण्यात भिजवा किंवा बाहेर मोकळी पसरून वाळवा. नेकच्या खाचेला टेप लावून घ्या, तिथे घासलं तर नेक सैल बसेल. ब्रिजखालची (बॉडीवर तारा अडकवतात त्या पट्टीखालची) अर्थिंगची वायर परत नीट दाबली गेली का तेही बघा, नाहीतर घरघर सुरू होईल.

आता अनुभव. मे महिन्यात जुन्या रंगावर हात चिकटायचा, तो त्रास गेला. हात टेकतो तिथे लाकूड मधासारखं गडद झालंय आणि मला ते फार आवडतं. एका कार्यक्रमात माइकचा स्टँड पडून खड्डा पडला. ओलं फडकं ठेवून वरून गरम इस्त्री टेकवली, वाफेने तंतू फुगून वर आले. हलका पेपर मारला, दोन हात तेल दिलं. आता जागा शोधावी लागते. पॉलिएस्टरचा टवका उडाला असता तर हे जमलं नसतं.

आवाजात मात्र मला काही फरक जाणवला नाही. सॉलिड बॉडीत पिकअप (तारांचा आवाज उचलणारं चुंबक), तारा आणि सेटअप यांचंच चालतं, आवाज सुधारेल म्हणून हा खर्च करू नका. अ‍ॅशची छिद्रं बोटाला लागतात. काचेसारखा गुळगुळीतपणा हवा असेल तर फिलर आणि पीयूकडेच जा. तेलाचा वास बरेच दिवस राहिला, आणि हे फिनिश देखभाल मागतं : वाजवून झालं की कोरडं फडकं, आणि लाकूड रुक्ष दिसायला लागलं की एक पातळ हात. पुढचा हात मी नवरात्राचे कार्यक्रम आटोपल्यावर देणार आहे, तेव्हा हवा कोरडी असते आणि तेल लवकर सुकतं.