देवगडच्या खाऱ्या हवेत डबल बार १२ बोअर: पावसाळा आणि आंब्याचा सीझन काढल्यावरचा अनुभव

माकडांपासून हापूसची बाग राखायला बंदूक घ्यायचं ठरलं की पहिला प्रश्न हाच, रायफल घेऊ की १२ बोअर, म्हणजे छर्रे उडवणारी गुळगुळीत नळीची बंदूक. मी दोन नळ्यांची १२ बोअर घेतली. त्यात आफ्रिकेतल्या शिकारीचे व्हिडिओ बघून पोरांच्या डोक्यात .३७५, .४५८ असले मोठे कॅलिबर (म्हणजे गोळीची जाडी, इंचात) बसलेले असतात. .३७५ एच अँड एच १९१२ सालचं काडतूस, हत्ती आणि रानरेड्यासाठी तिकडे बऱ्याच देशांत कमीत कमी तेवढं कॅलिबर लागतंच, आणि प्रत्येक रायफलला दारू-गोळीचं वेगळं प्रमाण मानवतं म्हणून तिथले लोक घरी बंदुकीची दारू तोलून काडतुसं भरतात. आपल्या बागेत यातलं काहीच लागू होत नाही. शिकार १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बंद, परवाना मिळतो तो पीक संरक्षणाचा, आणि १९५९ च्या आर्म्स अ‍ॅक्टमध्ये त्यासाठी मुळात ठासणीची बंदूकच (नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायची ती) धरलीय, ती पुरत नाही असं अधिकाऱ्याला पटलं तरच दुसरी गुळगुळीत नळीची मिळते.

आणि खरं सांगू, तेच बरोबर आहे. रायफलची गोळी दोन-तीन किलोमीटर सहज जाते, आमच्या वाडीत तेवढ्यात चार घरं, शाळा आणि खाडीतल्या होड्या येतात. ६ नंबरचा बारीक छर्रा दोनशे मीटरच्या आसपास थांबतो. एसजी हा जाड छर्रा मात्र सहाशेच्याही पुढे जाऊ शकतो, तेव्हा १२ बोअर आहे म्हणून बिनधास्त राहू नका. हवेत बार काढायला तर जाड छर्रा नकोच.

ठासणीची न घेण्याचं कारण म्हणजे आपला पाऊस. काळी दारू जळली की निम्म्याहून जास्त भागाची राख होते, त्यातली बरीच धुरात जाते पण काही नळीत उरते, ती हवेतलं पाणी ओढते, त्याच दिवशी गरम पाण्याने धुतली नाही तर नळी खल्लास. कारखान्यातल्या काडतुसाला हा त्रास नाही.

पण गंज सुटत नाही, आणि समुद्रापासून हाकेच्या अंतरावर राहणाऱ्यांनी हे आधी वाचा. नळीचं काळं पॉलिश गंज थांबवत नाही, ते फक्त तेल धरून ठेवतं. खारा वारा आणि हाताचा घाम, दोन्हीत मीठ. गंज सुरू होतो तो नजरेआड, फोरएंड (नळ्यांखालचं लाकूड) काढला की खाली, आणि दोन नळ्यांच्या मधल्या पट्टीच्या कडेला, आधी सुईच्या टोकाएवढे तांबूस ठिपके, मलमलीचं फडकं फिरवलं की विटकरी रंग येतो. जुलैत मी दर दोन-तीन दिवसांनी नळ्या, फोरएंड, दस्ता (खांद्याला लावायचं लाकूड) वेगळं करून पुसत होतो आणि म्हणूनच आज नळ्या आतून आरशासारख्या आहेत. चामड्याच्या म्यानात ठेवू नका, ते ओल धरतं. खोबरेल तर अजिबात नको, चिकट होतं, थंडीत थिजतं. बंदुकीचंच पातळ तेल, पातळ हाताने.

काडतुसं मी खडकीच्या कारखान्याची घेतो, प्लास्टिकची. जुनी कागदी पावसात फुगायची आणि नळीत अडकायची, याला तसं होत नाही, तरी बुडाची धातूची टोपी काळवंडते म्हणून हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवतो. घरी भरायच्या भानगडीत पडू नका, ते कायद्याने उत्पादन धरलं जातं, वेगळा परवाना लागतो, शिवाय दारू थोडी जास्त पडली तर नळी चेहऱ्याजवळच फुटते. जुनी बंदूक घेणार असाल तर चेंबर, म्हणजे नळीत काडतूस बसतं ती जागा, मोजून घ्या, पूर्वी ६५ मिमीचे असायचे, आताची काडतुसं बहुतेक ७० ची, आत बसतात म्हणून चालतात असं नाही.

तक्रारी दोन. सेफ्टीचं बटण नवीन असताना फार कडक, आणि दस्त्याचं व्हार्निश पहिल्याच पावसात फुगलं, ते खरवडून जवसाचं तेल चोळलं तेव्हा लाकूड शांत झालं. दस्त्याची लांबी दुकानात खांद्याला लावूनच बघा, मला थोडा लांब होता, सुताराकडून कापून घेतला आणि खांदा दुखायचा थांबला. कॅलिबरपेक्षा हे शंभर पट महत्त्वाचं.

माकडांचं म्हणाल तर शेजारचे तात्या म्हणतात, "माकडां आता आवाजाक पण भियत नाय." माझ्या बागेत पहिले काही आठवडे पळायची, मग सरावली. रोज एकाच वेळी बार काढला की त्यांना कळतं, वेळ आणि जागा बदलत राहिलो तेव्हा यंदा बराच हापूस हाती लागला.

आणि इलेक्शनला बंदूक जमा करायला सांगितली तर देण्याआधी नळ्यांना आतबाहेर जाड ग्रीस लावून द्या, पावती जपून ठेवा, परत आल्यावर बार काढायच्या आधी ते सगळं पुसून नळीतून उजेड बघा.